कोपऱ्यावरची गाडी

"मला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं ना! आणि ती गाडी आधी माझ्या दारातून काढा."

दार जेमतेम फटीएवढं उघडलं होतं, तेही धाडकन बंद झालं. आत शिलाईमशीन पुन्हा खडखडू लागलं. नर्सबाईंनी खांद्यावरची बॅग सावरली आणि ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं. काका गाडीकडे बघत होते.

गाडीला रंगाचा नवा हात दिला होता, बाजूची अक्षरंही बदलली होती. पण लोक अक्षरं कुठे वाचतात? साथीच्या दिवसांत याच गाडीने घराघरांतून आजारी माणसं उचलून इस्पितळात नेली होती. काही परत आणून सोडली, काही नाही. साथ ओसरली, तरी तो आजार काढलेल्या कित्येकांच्या हृदयाचे ठोके नंतर ताल सोडू लागले. ते कुणाचे, का, आणि वेळेवर औषध दिलं तर काय फरक पडतो, याचा अभ्यास डॉक्टरांनी सुरू केला. माणसं इस्पितळाची पायरी चढायला तयार नव्हती, म्हणून नर्सबाई घरोघर जाऊन छातीवर पट्टी चिकटवायच्या. पट्टी दोन आठवडे ठोके टिपायची. आणि या कामाला इस्पितळाने नेमकी हीच गाडी दिली होती. गल्लीत शिरली की खिडक्या लागायच्या. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकूनच पिणार.

काकांनाही आता या गाडीचा उबग आला होता. कंबर धरायची, झोप पातळ झाली होती. बायको म्हणायची, "तुम्ही घरी येता, पण पोचत नाही."

"मागे गल्लीतल्या शिबिरात यांचे ठोके मध्येच भरकटलेले दिसले," नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "अशाने रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं. पट्टी लावल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवणार कसं? आजही नाही म्हणाल्या, तर यांचं नाव अभ्यासातून कमी करावं लागेल."

काकांनी गाडी नेऊन कोपऱ्यावर, बंद छापखान्याच्या भिंतीला लावली आणि चालत परत आले. या खेपेस दार त्यांनीच वाजवलं.

"गाडी हलवली, ताई. इथून दिसत नाही."

मशीन थांबलं. मग दार उघडलं. साठीच्या बाई, गळ्यात मोजपट्टी, केसांना दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. त्यांनी काकांना न्याहाळलं.

"तुम्हीच होतात त्या दिवशी."

"तेव्हा तर मी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला होतो."

"डोळे उघडे होते ना? मी तेवढेच बघितले. ह्यांना घेऊन चाललेला माणूस कोण, ते नको बघायला?" त्या बाजूला झाल्या. "या आत. ती पोरगी पण येऊ दे. उन्हात कशाला?"

खोलीत कापडाचे गठ्ठे होते. बसायला जागा करताना त्यांना धाप लागली, टेबलाचा कोपरा धरून त्या उभ्या राहिल्या. नर्सबाई पुढे झाल्या, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब गं. आधी यांना विचारायचंय." त्या काकांकडे वळल्या. "गाडीत ते काही बोलले का?"

काकांना हा प्रश्न नवा नव्हता. किती दारांत, किती फोनांवर त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. जिभेवर ठेवलेलंच असायचं.

"तुमचीच आठवण काढत होते, ताई."

"खोटं," बाई शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ‘अगं’च्या पुढे गाडी गेली नाही कधी. बोलले नसतील तर तसं सांगा. मी काही मोडून पडायची नाही."

काकांनी खाली पाहिलं. आणि मग, कुणालाच न सांगितलेलं, ते बोलून गेले.

"वळणावर त्यांनी मधल्या काचेवर टकटक केलं. म्हणाले, ‘हळू चालवा हो, मला गाडी लागते.’"

बाई बघतच राहिल्या. मग त्यांच्या तोंडून हसू फुटलं, खरंखुरं, पोट धरून आलेलं.

"लग्नाच्या वरातीतसुद्धा!" त्या म्हणाल्या. "नवरी तोंड लपवून बसलेली आणि नवरा खिडकीबाहेर ओकतोय!" हसता हसता त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत राहिले. आता ते हसणं नव्हतं.

"चालवली का मग हळू?" पदराआडूनच त्यांनी विचारलं.

"नाही, ताई. शेवटचा बेड राहिला होता. हळू गेलो असतो तर तोही गेला असता."

"बेड मिळाला होता," बाई म्हणाल्या. "तेवढं मात्र झालं." डोळे पुसून त्यांनी नर्सबाईंना खूण केली. "लाव बाई तुझी पट्टी."

काका बाहेर पायरीवर येऊन बसले. नर्सबाई बाहेर आल्या, त्यांच्याशेजारी बसून पाणी प्यायल्या आणि बाटली त्यांच्यापुढे धरली. पुढचा पत्ता त्यांनी लगेच सांगितला नाही.

पट्टीत जे दिसायचं ते दिसलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं. ठोके अजूनही अधूनमधून अडखळायचे, पण दुखणं आता निदान कह्यात होतं. अभ्यासाचा निष्कर्ष निघायला अजून अवकाश होता.

गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला बाई रिक्षाने, एकट्याच इस्पितळात आल्या. ओपीडीबाहेर ही गर्दी! काका फेरीची वाट बघत बाकावर बसले होते, त्यांच्याशेजारी त्या टेकल्या. ख्यालीखुशाली झाली. कापडाच्या दर्जाला बाईंनी नावं ठेवली, कंबरेला शेक घ्या म्हणून काकांना दटावलं. मग बोलणं सरलं. प्रवासाने थकवा आला असावा, किंवा रांगच लांबलचक होती. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

थोड्या वेळाने त्यांची पिशवी मांडीवरून घसरू लागली. काकांनी ती अलगद उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी बंद केला आणि बाईंचा नंबर पुकारला जाईपर्यंत, दोन्ही हात पिशवीवर ठेवून, ते तसेच बसून राहिले.