म्हणतो, म्हणते

सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं, "दुसऱ्याचं 'मी' आपल्या तोंडात घेऊ नये. थुंकून टाकलं तरी चव राहते."

मी तेव्हा बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते, आणि हसले. कॉलेजात शिकलेली ना मी. मला दुभाष्यांचा नियम माहीत होता. 'ते असं म्हणतात' असं म्हणायचं नसतं; बोलणारा जे बोलेल ते त्याच्याच 'मी'मध्ये उतरवायचं. म्हटलं, "आई, नाटकातल्या खलनायकाला कोणी घरी जाऊन मारतं का?"

"तिकीट काढून बसलेल्याला माहीत असतं, नाटक आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरच्याला काय माहीत?"

दुभाषी म्हणजे माझी नणंद. घरात सगळेच तिला ताई म्हणतात. कोर्टात, हॉस्पिटलात तिचं काम. कोर्टात तिने एका माणसासाठी 'मी त्याला मारलं' असं शांतपणे म्हटलं होतं, आणि न्यायाधीशांनी बेड्या तिला घातल्या नव्हत्या. पुरुषासाठी बोलताना ती 'म्हणतो' म्हणायची, बाईसाठी 'म्हणते'. इंग्रजीत ही भानगडच नाही. आपल्या भाषेत 'मी'नंतरच्या क्रियापदालाही मिशी नाहीतर बांगडी लागते. कधी कधी दमून घरी आली की म्हणायची, "मी आधी जेवतो." माझा नवरा विचारायचा, "आज साहेब कोण होते?" आणि आम्ही हसायचो.

आम्ही ख्रिस्ती. ताई कॉलेजात अरबी शिकली, त्या भाषेवर जीव जडला म्हणून. त्यामुळे दोन्ही समाजांच्या समितीने जाहीर चर्चा ठरवली, तेव्हा दुभाषी म्हणून दोघांनाही तीच चालली. विषय: येशू मरण पावला की नाही. आमचं शास्त्र म्हणतं, क्रूसावर मेला. मुसलमानांचं शास्त्र म्हणतं, त्यांनी त्याला मारलं नाही. पाहुणे पाद्री आणि पाहुणे मौलाना, दोघे इंग्रजीत बोलणार. ताई ते आमच्या भाषेत आणणार.

आठवडाभर ती एकाच शब्दाशी झगडत होती. तवफ्फा. त्यांच्या ग्रंथात देव येशूला म्हणतो, मी तुझं 'हे' करीन. मेलेल्या माणसाबद्दल हाच शब्द वापरतात. पण त्याच ग्रंथात झोपेबद्दलही हाच शब्द आहे: झोपेत देव जीव घेतो आणि ज्याची वेळ आलेली नाही त्याचा परत पाठवतो. "पूर्ण परत घेणं," ताई म्हणायची, "याहून जवळ जाता येत नाही मला." बाळ झोपलं की पाळण्याशी वाकून म्हणायची, "झालं बघ तवफ्फा." ती तिकडे वळली की मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघायचे.

सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला त्यांची माणसं, एका बाजूला आमची, मधली वाट रिकामी. लग्नात दोन्हीकडचे रुसावेत तसं. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कुठेही गेले तरी मी आधी दारं बघते. बाळ खांद्यावर, आणि एका हातात फोन, ताईचं काम टिपायला.

तासभर छान चाललं. पाद्री म्हणाले, हा शब्द मरणाचा. मौलाना चष्मा पुसत म्हणाले, मग तुम्ही रोज रात्री मरता का? दोन्हीकडचे हसले. आणि पाद्रींना ते हसणं लागलं. ते उठून उभे राहिले, आवाज चढवून एक वाक्य बोलले, आणि ताईने ते आणलं:

"मी म्हणते, हा शब्द मरणाचाच आहे, आणि तुम्ही पिढ्यान्पिढ्या स्वतःला फसवत आला आहात."

म्हणते. मला ते खड्यासारखं लागलं. सगळी संध्याकाळ ती चोख 'म्हणतो' म्हणत होती. घसा सुकला होता, पाण्याचा ग्लास लांब होता, जीभ घसरली. आमच्या बाजूने टाळ्या पडल्या.

मौलाना तिच्याकडे वळले. "बाई, तुम्हाला अरबी येतं. तुम्हीच सांगा. मरण की नाही?"

दुभाष्याने उत्तर द्यायचं नसतं. तिने समितीच्या चिटणीसांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत होते; त्यांनी हाताने खूण केली, सांगा, सांगा. ताई म्हणाली, "शब्दाचा अर्थ पूर्ण परत घेणं. झोपेतही, मरणातही. इथे कोणतं, ते एकटा शब्द सांगत नाही."

आता कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चित्रणाचे दोन तुकडे फोनवर फिरायला लागले. एकात नुसती ताई: 'मी म्हणते, तुम्ही स्वतःला फसवत आला आहात.' खाली लिहिलेलं, बघा, 'म्हणते' म्हणाली, म्हणजे पाद्रीचं नाही, हिच्याच पोटातलं. दुसरा तुकडा आमच्या लोकांनी कापलेला: 'झोपेतही, मरणातही.' खाली, आपल्याच घरातली विकली गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुण्याला दोन्ही घरांनी पायऱ्यांवरून ढकललं.

बायका दळण टाकायला जाताना ते तुकडे बघत होत्या. ज्यांना अरबीचा अलिफ माहीत नाही, ज्यांनी स्वतःचं शास्त्र उशाखालून कधी बाहेर काढलं नाही, ते मला जिन्यात अडवून व्याकरण शिकवत होते. 'ध'चा 'मा' ऐकला होता. 'तो'चं 'ते' झाल्यावर माणसं इतकी पेटतील असं वाटलं नव्हतं.

माझ्या फोनमध्ये पूर्ण चित्रण होतं. धावत जाऊन लावलं. पाद्री उठतात, तोंड उघडतात, आणि नेमकं तेव्हाच माझं बाळ भोकाड पसरतं. इंग्रजी वाक्य रडण्यात बुडालं. ताईच्या तोंडाशी माइक; तिचं वाक्य घंटेसारखं स्वच्छ. समितीकडे चांगलं चित्रण होतं. ते त्यांनी 'वातावरण निवळेपर्यंत' इंटरनेटवरून काढून टाकलं.

चिटणीस घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "ताईंनी एक माफी मागितली की विषय संपेल."

"कशाची?" मी विचारलं.

"त्या वाक्याची."

"वाक्य पाद्रींचं आहे."

"हो, पण आवाज ताईंचा ना."

"त्या वाक्याला तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या रांगेत बसून. मी मागून बघत होते."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, तुमचं बाळ रडतंय बहुतेक आत."

बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं.

ताई म्हणाली, "मी पाद्रींना लिहिलंय. ते एक ओळ लिहितील, वाक्य माझं होतं म्हणून." तिची खात्री होती. पाद्रींचं निवेदन आलं, मायदेशी सुखरूप पोचल्यावर: 'अनुवादातील दुर्दैवी चुकीबद्दल खेद वाटतो.' ज्या माणसाचा शब्द अन् शब्द तिने तोलून उतरवला, त्याने आपलं वाक्य तिच्या गळ्यात बांधलं आणि हात धुतले. मौलानांना तरी बोलता आलं असतं. ते तिच्या शेजारच्या खुर्चीत होते, इंग्रजी वाक्य त्यांच्या कानावर आधी पडलं होतं. त्यांनी कळवलं, मी या वादात उतरणार नाही. जन्मभर वाद घालून पोट भरलेला माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तरी समजतं. इथे दोन्ही धर्मपंडित मांडी घालून फाशी बघत बसले.

नवरा म्हणाला, "चार दिवस गप्प राहू. लोक विसरतात."

"तुझी बहीण आहे ती."

"म्हणूनच म्हणतोय."

मग एका सकाळी जिन्याखाली बाळाची ढकलगाडी सापडली, ब्लेडने फाडलेली. आत जिथे बाळाचं डोकं टेकतं तिथे आरपार. कोणी केलं? त्यांच्यातल्याने की आमच्यातल्याने, मला माहीत नाही, आणि आता मला फरकही पडत नाही. मी ती गाडी उचलून चर्चच्या दारात नेऊन ठेवणार होते, नाहीतर मशिदीच्या. सासूबाईंनी माझा दंड धरला. ताईने आत जाऊन पिशवी भरली.

"बाळ आहे घरात," ती म्हणाली. "मी इथे राहणं बरं नाही."

ती एका ओळखीच्या रिकाम्या खोलीत गेली. कोर्टाने 'तूर्त' बोलावणं थांबवलं, हॉस्पिटलानेही. फोन बंद. मी एकदा गेले. तिने दार साखळीएवढं उघडलं.

"जेवलीस का ताई?"

"जेवण झालं."

"झोपतेस ना?"

"झोप लागते."

"घरी कधी येतेस?"

"बघू या."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. जी बाई दिवसभर दहा जणांचं 'मी' बोलायची, ती आता स्वतःचं एक 'मी' उच्चारत नव्हती. प्रत्येक वाक्य असं वळवत होती की 'मी'ही नको आणि कोणाची क्रियाही नको. मला भीती वाटली. बाळाच्या नाकाखाली बोट धरताना वाटते, तशीच.

परतताना कोपऱ्यापासून एक मोटारसायकल माझ्या मागे होती. कदाचित उगाच. पण मी पुन्हा गेले तर त्यांना दार दाखवायला गेल्यासारखं होईल. म्हणून जात नाही, आणि खोली कुठे आहे तेही लिहीत नाही. ज्यांच्यासाठी ती कोर्टात बोलली, ज्यांच्या आईचं दुखणं तिने डॉक्टरला सांगितलं, त्यातल्या काहींना ते ठाऊक आहे. आणि तुमच्याच जिन्यावर कोणी नवीन बाई एकटी राहायला आली असेल, दार अर्धंच उघडत असेल, तर ती ताईच असू शकेल.

वर जाऊन या. त्या शब्दाचा अर्थ विचारू नका. तुम्ही कोणत्या बाजूचे तेही सांगू नका. जेवलीस का, एवढंच विचारा. "जेवण झालं" म्हणाली तर बरं म्हणून परत फिरू नका. साखळी निघेपर्यंत उभे राहा, आणि आत चूल पेटलेली दिसते का ते बघा.