दांडा सोडायचा नाही

सुनेत्राबाईंनी पदर कमरेला आवळून खोचला, चिपळ्या एकदा वाजवून पाहिल्या आणि भिंतीकडे पाठ केली. भिंतीवर त्यांचा मुलगा कुत्री हाकत होता.

कीर्तनाला अजून पंधरा मिनिटं होती. सेरंगूनला त्यांचा मुलगा सारंग राहायचा त्या कॉन्डोतली फंक्शन रूम दत्तजयंतीसाठी चार तास मिळाली होती, तीही उदबत्ती लावायची नाही या अटीवर, कारण छताला धुराचा वास घेणारं यंत्र होतं. देवापुढे बॅटरीच्या समया होत्या. मंडळी जमेपर्यंत कुणाला कंटाळा यायला नको म्हणून सारंगच्या मित्रानं, अश्विननं, प्रोजेक्टर लावून सहलीची फिल्म सुरू केली होती. दत्ताच्या तसबिरीपासून चार हातांवर फिनलंडचं बर्फ पसरलं होतं आणि त्यावरून सहा हस्की कुत्रे धावत होते. देवाच्या घरी येऊन पाच मिनिटं गप्प बसणं या लोकांना जमत नाही, हे सुनेत्राबाईंना इथल्या तीन महिन्यांत कळून चुकलं होतं.

सारंग गेले दोन आठवडे भेटेल त्याला ‘मशर’ हा शब्द शिकवत होता. मशर म्हणजे कुत्र्यांच्या गाडीवर मागे दांडा धरून उभं राहून ती चालवणारा. कुत्री सुटण्याआधी कशी पिसाळल्यासारखी भुंकतात आणि सुटली की कशी एकदम मुकी होतात, वळणावर अंग कुठे झुकवायचं, ब्रेकवर पाय कधी द्यायचा, हे तो अशा थाटात सांगायचा की जन्म बर्फात काढला असावा. हाच सारंग लिफ्टमध्ये शेजारणीचा पूडल कुत्रा दिसला की फोन आल्याचं सोंग करून पुढच्या लिफ्टसाठी थांबत असे.

फिल्ममध्ये गाडी वळली. पुढे बसलेली दोन गाठोडी दिसली, एक मोठं, एक लहान. मोठं म्हणजे त्या स्वतः. सहल ‘कुटुंबासाठी सुरक्षित’ होती, चार वर्षांच्या मुलापासून आजी-आजोबांपर्यंत, म्हणून त्यांनाही उचलून नेण्यात आलं होतं. लहान गाठोडं त्यांची नात, गार्गी. मग दृश्य तुटलं आणि पुढच्या क्षणी भिंतभर फक्त गार्गीचा चेहरा आला. नाक लाल, ओठ वाकडे, गालांवर पाणी.

खोलीत हशा पिकला. अश्विन म्हणाला, ही आमची रडकी हस्की. त्याच्या बायकोनं, चैत्रालीनं, मायेनं सुस्कारा टाकून सांगितलं की काही मुलं मुळात नाजूकच असतात, त्यांना जबरदस्ती करू नये. मीनलनं, गार्गीच्या आईनं, मान डोलावली. जानेवारीत पाचवीच्या मुलांचा शाळेचा कॅम्प होता, तीन दिवसांचा, दोरावरून चढायचं, तंबूत राहायचं. गार्गीनं त्यासाठी वर्षभर दिवस मोजले होते. मीनल तिचं नाव काढून घेणार होती. किंकाळी फोडून कुत्री उधळवणारी मुलगी तंबूत काय राहणार, असं तिचं म्हणणं होतं. शाळेला लिहायचं पत्र उद्या जायचं होतं.

गार्गी मागे बैठकीवर झांजांची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसली होती. तिनं भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्या शेजारी तबल्यावर हातोडी ठोकत असलेल्या तिच्या बापानं, सारंगनंही पाहिलं नाही.

घडलं ते या खोलीत तिघांनाच ठाऊक होतं. मीनल निघतानाची फिल्म घेऊन झोपडीत शेकोटीपाशी गेली होती. निघण्याआधी तिथल्या वाटाड्यानं एकच गोष्ट तीनदा सांगितली होती: काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही. पडलात तरी नाही. सारंगनं तीनदा मान हलवली, आणि सपाट पांढरी वाट लागल्याबरोबर स्वतःचा फोटो घ्यायला दोन्ही हात सोडले. फोन धरायला एका हाताचा मोजा काढायचा तर दुसरा हात लागतो, एवढंच कारण. गाडीला धक्का बसला, मागचं वजन नाहीसं झालं आणि कुत्री वाऱ्यासारखी सुटली. गार्गीनं मागे वळून पाहिलं. मग तिनं आजीच्या पोटावर आपला हात आडवा टाकला आणि वळण आलं तेव्हा, शिकवलं होतं तसं, म्हणाली, आजी, आता डावीकडे झुक. पुढचं वळण आलं तेव्हा उजवीकडे. ती किंचाळली नाही. पुढे वाटाड्याच्या गाडीपाशी कुत्री आपण होऊन थांबली. बऱ्याच वेळानं सारंग येऊन पोचला, टोपी हरवून.

कुत्र्यांच्या वाड्यावर परतल्यावर वाटाड्यानं हातमोजे काढले आणि दहा परक्या माणसांसमोर, आवाज न चढवता, सारंगला सुनावलं. सारंग शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा होता. तेव्हा गार्गी रडली. तेवढ्यात मीनल झोपडीतून फोन धरून बाहेर आली. काय झालं, असं तिनं विचारलं, आणि सारंग म्हणाला, गार्गी घाबरून ओरडली, कुत्री बिथरली.

तेव्हा थंडीनं त्याची जीभ वळली नसेल, आज सांगेल, उद्या सांगेल, असं म्हणत सुनेत्राबाईंनी दोन आठवडे काढले. त्यानं सांगितलं नाहीच. उलट प्रत्येक जेवणावळीत त्या किंकाळीला नवा सूर लागला. परवा तर तो गार्गीचा आवाज काढून दाखवत होता. सुनेत्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं होतं आणि ताटातली कोशिंबीर बाजूला सारली होती. आपल्या पोटी एवढा स्वस्त माणूस जन्मला, याचं त्यांना दुःख होण्याऐवजी किळस येऊ लागली होती.

घरात त्या पाहुण्या होत्या. पण नारदाच्या गादीवर उभं राहिलं की माणूस कुणाचा पाहुणा नसतो. तिथे कीर्तनकाराला कुणी अडवत नाही आणि त्यानं चिमटा काढला तर ज्याला तो बसतो त्यानंही हसायचं असतं. सुनेत्राबाईंनी तीस वर्षं दत्तजयंतीला कृष्णाकाठच्या देवळात कीर्तन केलं होतं. तलाठ्याला, सरपंचाला, दूध संघाच्या चेअरमनला त्यांनी देवासमोर सोलून काढलं होतं, आणि ते पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

प्रोजेक्टर बंद झाला. त्यांनी डोळे मिटून नमन म्हटलं, आणि आवाज लागला तसा त्यांचा राग आपोआप गोड झाला. गाताना त्यांचं नेहमी असं होई. म्हणूनच त्यांचे चिमटे लोकांना लागत.

त्या म्हणाल्या, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, चार वेद म्हणतात त्यांना. पण मंडळी, त्यांच्या गळ्यात साखळी कुणी पाहिलीय का? मांजराच्या गळ्यातसुद्धा घंटा बांधणारे आपण. देवानं काही बांधलेलं नाही. मग ती जात का नाहीत? ज्यानं धरलंय तो सोडणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे म्हणून. देव म्हणजे दुसरं काय, न सोडणारा हात. मग त्यांनी लिफ्टमधला पूडल आणला. फोन आल्याचं सोंग आणलं. हसून हसून चैत्रालीचा पदर गळाला. इथे कुत्रं शिवलं तर आंघोळ करणारी मंडळी तिकडे जाऊन त्याच्या शेपटीमागे बसायला विमानानं जातात, असं त्या म्हणाल्या तेव्हा अश्विननं टाळी दिली. मागे तबल्यावर सारंगही हसला. त्याला अजून हे प्रेमाचं वाटत होतं.

“तर असाच एक माणूस,” सुनेत्राबाई म्हणाल्या, “बर्फात गाडी हाकायला उभा राहिला. त्याला एकच सांगितलं होतं. आकाश कोसळलं तरी दांडा सोडायचा नाही. गाडीत त्याची म्हातारी आई, आणि पोटचं लेकरू.”

तबला थांबला. खोली पुढे झुकली.

“आणि त्या माणसानं...”

झांज वाजली. एकदा, मग जोरात, आणि गार्गीचा बारीक आवाज खोलीभर उठला, “दिगंबरा, दिगंबरा.”

कीर्तनात बुवांना ठसका लागला, शब्द अडला की मागच्या साथीदारानं गजर धरायचा आणि त्यांना सावरायला वेळ द्यायचा, अशी रीत आहे. सुनेत्राबाईंनीच तिला ती गेल्या आठवड्यात शिकवली होती. पण आज त्यांना ठसका लागला नव्हता. मंडळींना काय त्याचं? सगळे टाळ्या वाजवू लागले. आणि तबल्यानं तो गजर इतक्या तत्परतेनं उचलला, की सुनेत्राबाईंच्या मनात आलं, आयुष्यात पोराची थाप एवढी वेळेवर कधी पडली नव्हती.

त्यांनी मागे वळून पाहिलं. सारंग डग्ग्याकडे बघत वाजवत होता. गार्गी मात्र त्यांच्याकडेच बघत होती. गाता गाता तिनं मान हलवली, जेमतेम दिसेल एवढी. नको.

गजर तीनदा झाला. संपवायचा की नाही हे कीर्तनकाराच्या हातात असतं. सुनेत्राबाईंनी तो आणखी दोनदा लांबवला. मग चिपळ्या खाली आणल्या.

“तर दांडा सुटला,” त्या म्हणाल्या. “कसा सुटला ते कुत्र्यांना विचारा. पण गाडीतली ती म्हातारी होती ना, ती अशी रडली, अशी रडली, की तिचं रडणं बघून ते लेकरू रडायला लागलं. लेकरू बिचारं सगळ्या वाटेवर तिला धरून बसलं होतं. आणि इथे भिंतीवर फोटो कुणाचा? लेकराचा. म्हातारीचा काढायला कॅमेरा पुरला नसेल.”

हशा उसळला. मीनल चमकून गार्गीकडे बघू लागली. झालं, एवढं पुरे, असं सुनेत्राबाईंना वाटलं. त्यांनी जन्माचं आख्यान लावलं, बाहेर सूर्य मावळला त्या वेळी पाळणा म्हटला, बायकांनी दोरी ओढली, फुलं पडली. सगळ्यांनी येऊन त्यांच्या पायांना हात लावला. सारंगनंही लावला. त्यानं डोकं जरा जास्त वेळ टेकवून ठेवलं आणि हळूच म्हणाला, “थँक्स, आई.”

त्यांनी त्याला बुक्का लावला, कारण लावायचा असतो.

सुंठवडा वाटायला सुरुवात झाली. सुनेत्राबाई खुर्चीवर टेकून गळ्यातला हार सैल करत होत्या, तेव्हा टेबलापाशी अश्विन विचारत होता की काकूंनी ही गोष्ट आधी का नाही सांगितली. सारंगच्या हातात कागदी वाटी होती. त्यानं एक चिमूट तोंडात टाकली, क्षणभर घोळवली आणि मग त्याचा चेहरा उजळला.

“अरे, काय सांगू,” तो म्हणाला. “मीच कुणाला बोललो नव्हतो, तिला वाईट वाटेल म्हणून. आईनं तिकडे जो हंबरडा फोडला ना, कुत्रीच काय, रेनडिअर पळाले असतील.” आणि त्यानं तो हंबरडा काढून दाखवला. गार्गीचा काढायचा तसाच, फक्त जाड आवाजात.

लोक हसले. काकू, तुम्ही पण ना, असं कुणीतरी लांबून म्हणालं. सुनेत्राबाईंनीही ओठ हलवले. आपणच वाढलेलं होतं, ते त्यानं ताट भरून घेतलं होतं, आता कुणाला नाव ठेवणार.

गार्गी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला द्रोण लावत होती. ती द्रोण तिथेच ठेवून बापासमोर येऊन उभी राहिली.

“आजी रडली नाही,” ती म्हणाली.

सारंग हसत होता. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला. ती बाजूला सरकली. रागात तिच्या तोंडी शाळेतलं इंग्रजी यायचं.

“नोबडी क्राय लाह, बाबा. गाडीत आजी जप करत होती. तू सोडलंस. सेल्फी काढायला तू दोन्ही हात सोडलेस.”

पलीकडे मुलं खुर्च्यांखालून पळत होती. मीनल सारंगकडे बघत होती, जशी ती घर दाखवायला आलेल्या एजंटकडे बघायची. सारंगच्या हातातली वाटी वाकडी झाली आणि सुंठवडा त्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर सांडला. सुनेत्राबाई बसल्या जागी ताठ झाल्या. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि आता पुढचा घाव कसा बसतो ते त्यांना बघायचं होतं.

गार्गीचं संपलं नव्हतं. तिला मराठी सापडेना, म्हणून ती थांबली, आणि मिळेल त्या भाषेत बोलली.

“देन यू रॅन व्हॉट. दोनदा पडलास. कॅप गेली, ग्लव्ह गेला, स्टिल यू रॅन. मी मागे बघत होते ना सगळा वेळ. एवढूसा दिसत होतास तरी धावतच होतास.” तिचा आवाज चिरका झाला. “ते तू कधीच सांगत नाहीस. व्हाय यू नेव्हर से दॅट पार्ट?”

सारंगनं तोंड उघडलं. तो काहीतरी गमतीचं शोधत असावा, सवयीनं. मग त्यानं झब्ब्यावरची सुंठ झटकायला सुरुवात केली. ती झटकून झाली तरी तो झटकत राहिला, आणि मान वर करेना.

सुनेत्राबाईंना ते धावणं दिसलं होतं. गाडी थांबल्यावर त्यांनीही मागे पाहिलं होतं. निळ्या अंधारात एक ठिपका पडत, उठत, गुडघाभर बर्फातून येत होता, आणि त्याच्या तोंडून गार्गीचं नाव तुटक तुटक निघत होतं. दोन आठवडे त्यांनी आख्यान मनात रचलं होतं. पूडल घेतला, सेल्फी घेतली, हातमोजासुद्धा घेतला. हे मात्र कुठेच घेतलं नव्हतं.

त्या उठल्या. अश्विननं खुर्ची सरकवली, ती त्यांना दिसली नाही. टेबलापाशी जाऊन त्यांनी पातेल्यात हात घातला, मुठीत मावेल तेवढा सुंठवडा घेतला आणि लेकापुढे धरला. तो दोन्ही हात पुढे करेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.