देवाने खोडलेली ओळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांनाही माणसं लटकली होती. समोर टेबलावर वस्तीची जुनी हस्तलिखित पोथी उघडी होती आणि वस्तीत नव्याने आलेला एक बाबा तिचं एक सुटं पान दिव्यावर धरून उभा होता.

त्या पानावर दोन ओळी होत्या. वरची, 'माझ्यासाठी घर बांधा.' खालची, 'हातांनी बांधलेल्या घरात मी राहत नाही.' या दोन ओळींवरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आणि वाद घालणारे नंतर एकत्र चहा पीत.

"भक्तहो, देव दोन तोंडांनी बोलेल का?" बाबा गरजला. "यातली एक ओळ पाखंड्याने घुसडली आहे. आता देवच ती काढून घेईल!"

आणि खालची ओळ फिकट होत होत खरोखर नाहीशी झाली. एक बाई किंचाळली. मग सगळ्यांनीच गुडघे टेकले. उभा राहिलो मी एकटाच, शाळामास्तर. माझ्याकडे वळलेल्या नजरा काही बऱ्या नव्हत्या.

"घर कुठे हवं, तेही त्याने सांगितलंय," बाबा हळू आवाजात म्हणाला. "दवाखान्याच्या जागेवर."

दवाखाना माझ्या ताईचा, वस्तीत एकुलता एक. बाबाच्या मंतरलेल्या पाण्याने पोरांना जुलाब होतात, असं तिने त्याला तोंडावर सुनावलं होतं. देवाला नेमकी तीच जागा का आवडली, ते मला लगेच कळलं.

संध्याकाळी ते पान दवाखान्याच्या दारावर डकवलेलं दिसलं. खाली कोळशाने लिहिलं होतं, 'उद्या सकाळी.' रुग्ण एकेक करून निघून गेले. उरली फक्त गवंड्याची बायको. तिला कळा सुरू झाल्या होत्या, हलवणं शक्यच नव्हतं.

"तू घरी जा," ताई मला म्हणाली. "मी आतून कुलूप लावते."

मी गेलो नाही. पान काढून हातात घेतलं. कागद चहाच्या पाण्यात पिवळा केलेला होता, एक कोपरा तसाच पांढरा राहिला होता. म्हणजे जुनं पान काढून हे नवं घातलेलं! आणि मला आठवलं, मागे वर्गातल्या एका मुलीची उत्तरपत्रिका उन्हात राहून कोरी झाली होती. पुसता येणाऱ्या शाईचं पेन होतं ते. ऊब लागली की रंग जातो. इथेही खालची ओळ तेवढी तसल्याच शाईची असणार.

"गेलेला रंग परत येतो का रे?" ताईने विचारलं.

"कडक थंडीत येतो म्हणतात."

तिने लशींच्या डीप फ्रीझरचं झाकण उघडलं.

सकाळी लोक आले. घोषणा नव्हत्या, त्याचीच जास्त भीती वाटली. नुसता पहारी जमिनीवर टेकल्याचा आवाज. सगळ्यांत पुढे गवंडी.

"तिला बाहेर आणा," तो मान खाली घालून म्हणाला. "देवाचं काम थांबवता येत नाही."

आतून त्याची बायको ओरडली. त्याने दाराकडे पाहिलं, पण पहार काही सोडली नाही.

ताईने दार उघडून पान वर धरलं. दोन्ही ओळी काळ्याभोर! बाबा क्षणभर गडबडला, पण जीभ सरावलेली. "पाहा! देवाने पुन्हा लिहिलं! केवढी ही लीला!"

"मग घर नको, हाही त्याचाच हुकूम. जा सगळे घरी," ताई म्हणाली आणि पान माझ्याकडे देऊन गवंड्याच्या बायकोकडे आत पळाली.

"ही करणी आहे!" बाबा ओरडला.

"आत्ता तर लीला होती," मी म्हणालो. "दोन तोंडांनी कोण बोलतंय बाबा?"

मी मेणबत्ती पेटवून पान तिच्यावर धरलं. ओळ गेली. पान गवंड्याच्या हातात दिलं. त्याने स्वतः ते फ्रीझरमध्ये ठेवलं, थोड्या वेळाने स्वतःच काढलं. ओळ परत आली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. मागे वळून पाहिलं, तर बाबा कधीच सटकला होता.

"मास्तर, मग यातली खरी ओळ कोणती?" गवंड्याने विचारलं.

"दोन्ही माणसांनीच लिहिल्यात. एकाला सगळ्यांना जमायला छप्पर हवं असेल. दुसऱ्याने त्याच छपराखाली लोकांना नाडताना पाहिलं असेल. पटत नसेल तिथे खुशाल वाद घाला. पण वाद मिटवायला कुणी चमत्कार दाखवला, तर आधी कागद बघा, शाई बघा, आणि त्यात कुणाची भिंत पडणार आहे ते बघा."

दुपारी गवंड्याला मुलगी झाली. बाबा पुन्हा दिसला नाही. तरी मला अजून धास्ती वाटते ती त्याची नाही. त्या सकाळच्या पहारी त्याने आणलेल्या नव्हत्या, त्या आमच्याच घरांतल्या होत्या. त्या उचलताना एकानेही 'का?' असं विचारलं नव्हतं. तेवढं विचारत जा.