मोरचुदाचं तीर्थ

नेकनूरच्या आठवडी बाजारात लोखंडाचं तांबं होऊ लागलं, तेव्हा भाजी कोणी घेईना. गावात नुकतीच केबल आली होती, पण नीळकंठ महाराजांपुढे तीही फिकी. त्यांनी खिळा निळ्या तीर्थात बुडवला, मंत्र पुटपुटला, काढला. खिळा तांबडा.

"लोखंडाचं पाप धुतलं, माणसाचं न्हाई धुणार? पिल्यावर उलटी झाली तर भिऊ नका. पाप हाय, वरूनच निघतं."

छबुबाईनं बाटली भरून घेतली. तिची नात राजनंदिनी काविळीनं आठवडाभर अंथरुणात होती.

हायस्कुलात विज्ञान शिकवणारे केदारनाथ सर तिला आडवे आले. "मावशी, हे मोरचूद आहे. जनावरांच्या खुरांना लावता ना, तेच. विष आहे. पोरीला पाजू नका."

"सर, तुमी पोरांना शिकवा. देवाला काहून शिकवता?"

सरांनी शाळेतून तराजू, चंचुपात्र आणि मोरचूद आणलं. सगळ्यांदेखत दहा ग्रॅम मोरचूद शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवलं आणि सरपंच अर्जुनरावांची लोखंडी किल्ली त्यात सोडली. किल्ली तांबडी झाली.

"मंत्र नाही, काही नाही. मोरचुदात तांबं असतं. ते लोखंडावर चढतं आणि लोखंड पाण्यात उतरतं. घासून बघा."

अर्जुनरावांनी कानस मारली. आत लोखंडच.

"घासलं की पाप परत येतं," महाराज म्हणाले.

अर्जुनरावांनी मात्र सरांना हात जोडले. "महाराजाला मंत्र लागतो. सरांना तोबी लागत न्हाई. मोठा कोण, तुमीच सांगा."

गर्दी सरांच्या पायांवर वाकली. छबुबाईनं बाटली जमिनीवर पालथी केली आणि रिकामी पुढे धरली. "मंग तुमच्या हातचं द्या."

सरांनी बाटली हातात घेतली. मग ती स्वच्छ धुतली, उकळलेलं पाणी भरलं. "हे बीडच्या डॉक्टरासमोरच प्यायचं. आधी त्यांची तपासणी, त्यांचं औषध. नाहीतर गुण येणार नाही."

छबुबाई नातीला घेऊन दुपारच्या एसटीनं गेली. महिन्याभरात पोरगी हिंडूफिरू लागली. श्रेय पाण्याला.

आता प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'दहा ग्रॅम मोरचूद, शंभर मिलिलिटर पाणी, एक खिळा. स्वतः करून बघा, पिऊ नका. कोणी चमत्कार दाखवला तर आपला खिळा द्या आणि मंत्राशिवाय करायला सांगा. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या.'

येणारे सगळं वाचतात. मग त्याच दारासमोर नारळ फोडतात.