मातीत लिहिलेली पाण्याची पाळी

मी एक जुने कवेलू, म्हणजे छपरावरचे मातीचे कौल आहे. दिनांक ६ जून १९७३ रोजी सकाळी साडेआठ वाजता, सानगडीच्या पलीकडील एका लहान खेड्यात, पाणीवाटप संस्थेच्या गोदामातील लाकडी फळीवर चार वस्तू मांडण्यात आल्या. टेपरेकॉर्डरची एक कॅसेट, फोटोची एक फिल्म, टंकलेखन केलेला एक कागद आणि मी. चौघांवर मजकूर एकच होता. त्या चौघांपैकी आज बोलायला मी एकटेच उरले आहे. आणि मित्रांनो, हे मी दीनवाणेपणाने सांगत नाही. पाणी अंगावरून वाहू देणे हाच माझा धंदा. टिपे गाळण्याची मला सवय नाही.

माझा जन्म सेवकराम कुंभाराच्या चाकावर झाला. तळ्यातली काळी माती आणि धानाचा भुसा एकत्र तुडवून त्याने माझी नळी ओढली, दोऱ्याने ती मधोमध उभी कापली, आणि दोन्ही अर्ध्या नळ्या सावलीत वाळत ठेवल्या; त्यांतली एक मी. भट्टी लावण्यापूर्वी यादोराव आले. हे गृहस्थ तंत्रविद्यालयातून शिकलेले. जवाहरनगरच्या कारखान्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले आणि पट्टी-कोनमापकासह गावी परतले. त्यांनी सायकलचा आरा घासून टोकदार केला व माझ्या ओल्या पोटावर, आतल्या बाजूने, सावकाश अक्षरे ओढली:

“रोवणीच्या वेळी तुडुमाची तिसरी पायरी उघडी असेल, त्या वर्षी पहिले पाणी टोलीला.”

या एका ओळीमागे एक भांडण होते. आमच्या गावाला तळे आहे. तळ्यातून पाणी सोडण्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी मोरीला आमच्याकडे तुडूम म्हणतात. मुख्य गावाच्या बांद्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, तळ्याच्या पाळीच्या भिंतीला लागून, त्यांना पाझर आपोआप मिळतो. टोली ही गावाबाहेरची लहान वस्ती; तिच्या बांद्या पाटाच्या शेवटच्या टोकाला. तळे अर्धवट भरले, म्हणजे तुडुमाची तिसरी पायरी उघडी राहिली, की पाणी वरच्यांच्याच बांद्यांत मुरे आणि टोलीचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपे, रोवणीला चिखलात लावण्याआधीच जळून जात. १९७२ च्या दुष्काळात त्यावरून काठ्या निघाल्या. मग सभा झाली, हा ठराव झाला, सर्वांनी अंगठे उठवले.

सगळे समाधानाने घरी गेले. यादोराव गेले नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. तळे दरवर्षी थोडेच अर्धे राहते? ठरावाची गरज कदाचित पंधरा वर्षांनी पडेल. तोवर तो ठेवायचा कशावर? संस्थेच्या ऐपतीत बसेल, पावसाळ्याला पुरून उरेल आणि गरज पडेल त्या दिवशी वाचता येईल, असे काय आहे? त्यांनी वाद घातला नाही. चौघांना एक पावसाळा गोदामात काढायला लावला.

दिवाळीनंतर दार उघडले. कागद वाळवीने खाल्ला होता. फिल्म गुंडाळीतच चिकटली होती. कॅसेटच्या फितीवर बुरशीची पांढरी साय धरली होती. यंत्रात घालताच ती फीत यंत्राने गिळली. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले होते. यादोरावांनी ते पंच्याने पुसले.

संस्थेचे चिटणीस गोपीचंद मुख्य गावातले; त्यांना हे मुळीच रुचले नाही. कॅसेटची सूचना त्यांचीच होती.

“यादोरावजी, माणसं चंद्रावर जाऊन आले, आन तुम्ही आमाले कवेलूवर नेऊन राहिले.”

“चंद्रावर टेप ऐकाचा असन तर यंत्र संग न्या लागते,” यादोराव म्हणाले. “कवेलू वाचाले डोळे पुरतात.”

“आन फुटलं मंग?”

“फुटनच. म्हणून एक नाही, हे धरून बारा करू. एका कॅसेटच्या पैशात सेवकराम बैलगाडीभर देते. सहा टोलीच्या छपरावर, सहा तुमच्या.”

“मंग हे जुनं माह्या गोठ्यावर टाका. म्हशी वाचतीन.”

गोदामात मोठा हशा पिकला. गोपीचंदांनी खरोखरच मला नेले आणि अक्षरे खाली, म्हशींकडे, येतील असे हौसेने छपरात बसवले. मूळ अंगठ्यांचा कागद मात्र त्यांनी संस्थेसाठी नवी लोखंडी आलमारी घेऊन तिच्यात ठेवला. आलमारीला हिरवा रंग होता. सभेत तिचे कौतुक झाले.

मित्रांनो, माझ्यावर अक्षरे थोडी मावतात, हा दोष मला आजवर अनेकांनी ऐकवला आहे. मी तो मान्य करते आणि मिरवते. ज्याच्यावर सारे काही मावते, त्याच्यावर माणसे सारे काही कोंबतात. माझ्यावर लिहिण्यापूर्वी काय राखायचे ते ठरवावे लागते. यादोरावांनी त्या एका ओळीसाठी तीन दिवस घालवले होते.

तीच ओळ घेऊन माझी अकरा भावंडे दोन्हीकडच्या छपरांवर चढली. वर्षे गेली. वानरांनी छपरांवर उड्या मारल्या, माझी भावंडे फुटली. दर उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे घरे फेरतात, म्हणजे सगळी कवेलू उतरवून, फुटकी काढून, पुन्हा रचतात. त्या घाईत अक्षरांचे कवेलू कोण ओळखणार? काही तुकडे होऊन उकिरड्यावर गेली. वरच्या गावातल्या भय्याजींनी टिनपत्रे घातली तेव्हा त्यांच्याकडचे पायाच्या भरावात गेले. मी गोठ्यावरच होते. धुराने काळे झाले, शेणाच्या वाफा घेतल्या, पण एक थेंब खाली पडू दिला नाही.

१९८७ साली पाऊस दडी मारून बसला. तुडुमाची तिसरी पायरी उघडी पडली. वरच्या गावाने रोवणीसाठी पाणी घेण्याची तयारी केली, तेव्हा टोलीच्या रत्नाबाई गोदामापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“आमचे पऱ्हे पिवळे पडून राहिले. ठराव काढा.”

आलमारीची किल्ली सापडेना. कुलूप तोडले. गोदामाच्या छपरातून वर्षानुवर्षे पाणी नेमके आलमारीच्या सांध्यात उतरले होते. आतल्या कागदांची एक वीट झाली होती. गोपीचंद म्हणाले, ठराव उलटा होता, पहिले पाणी गावालाच.

रत्नाबाईंनी पदराखालून आपल्या छपरावरचे कवेलू काढले.

“टोलीचं कवेलू टोलीचीच साक्ष देईन,” गोपीचंद म्हणाले. “काल खिळ्यानं कोरलं असन.”

यादोराव आता वाकले होते. त्यांनी एक कोरे कवेलू मागवले आणि त्यावर सर्वांदेखत खिळा ओढला. “पाहा. भाजलेल्या मातीवर भुकटी निघते, रेघ तुटक येते. ओल्या मातीत ओढली का दोन्हीकडे कड उभी राहते, आन कडेसकट भाजते. हात लावून पाहा.”

“थे तुमचं शास्तर आहे जी. आमच्या बाजूचं एक तरी कवेलू दाखवा, मंग मानतो.”

 तेवढ्यात शेणाच्या हातांनी गोपीचंदांच्या मातोश्री सत्यभामाबाई पुढे आल्या.

“गोप्या, तुया म्हशीच्या डोक्यावर काय आहे मंग? दरसाल घर फेरणाऱ्याले मी सांगतो, थे अक्षरवालं कवेलू हालवू नका, माह्या पोरानं हौसेनं लावलं.”

या वेळी हशा पिकला नाही. सगळे गोठ्याकडे आले. गोपीचंद गव्हाणीवर चढले, त्यांनी मला उतरवले, धोतराच्या सोग्याने काजळी पुसली. त्यांचा अंगठा माझ्या अक्षरांच्या कडेवरून एकदा गेला, पुन्हा एकदा गेला.  मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. रत्नाबाईंच्या कवेलूवरही काना-मात्रेसह तीच ओळ होती.

“तुडूम उघडा,” ते म्हणाले. “पाणी टोलीले जाऊ द्या.”

पुढच्या आठवड्यात यादोरावांनी सारी छपरे धुंडाळली. दोन्ही बाजूंची मिळून आम्ही पाच सापडलो. पाचही जणांनी एकच सांगितले.

मित्रांनो, आता नव्या पेट्या येतील, नवी यंत्रे येतील, आणि मला कोणी पुन्हा हसेल. खुशाल हसा. पण जे राखायचे, त्याला एक पावसाळा आधी काढायला लावा. त्याच्या अनेक प्रती करा आणि त्या एका आलमारीत ठेवू नका, घरोघरी ठेवा. एक प्रत हसणाऱ्याच्या छपरावरही चढवा. मला काचेमागे नेऊ नका, हारही घालू नका. घर फेरताना जरा उलटून पाहा, इतकेच.

कवेलू भाजली, बारा. फुटली, सात. १९८७ साली टोलीत रोवणी झाली, एकतीस एकर.