आठव्या मजल्याचा आवाज

लेथवर काम करणाऱ्या त्या मनुष्यास कारखान्यात सारे टर्नर म्हणत, आणि त्या वर्षी टर्नरच्या जिभेवर एकच विषय होता. ‘आठवा मजला’ नावाच्या एका नव्या रॉक बँडने ‘उतरताना’ हा आपला पहिला अल्बम काढला होता, आणि त्याची मोठी काळी तबकडी टर्नरने हौसेने विकत आणली होती. तेव्हापासून त्याला दुसरे काही सुचेनासे झाले. चहाच्या सुटीत तो वेल्डरला हाताला धरून बसवी.

"गिटार आहे, ड्रम आहे, पण नुसता दणदणाट नाही रे. प्रत्येक गाण्याला चाल आहे, चाल! घरी जाईपर्यंत तोंडात राहते."

"तुझ्या तोंडात राहते ना? मग राहू दे की," वेल्डर म्हणे. "माझ्या कानात कशाला ओततोस?"

परंतु टर्नरचा उत्साह अशा टोमण्यांनी विझणारा नव्हता. पहिल्या गाण्यात गिटारी कशा एकामागून एक जाग्या होतात, तिसऱ्यात ड्रमवाला मध्येच हात आखडता घेऊन शांततेला कशी जागा करून देतो, हे तो लेथच्या घरघरीवर आवाज चढवून सांगत असे. आणि गाणाऱ्याचा स्वर! तो खोल होता, भरदार होता, आणि त्यास जगातली कसलीही घाई नव्हती. जणू एखादा शहाणा मनुष्य जिन्याच्या कठड्याला टेकून, आपल्या सवडीने, आयुष्याविषयी बोलत आहे. तबकडीच्या वेष्टनावर कोणाचेही छायाचित्र नव्हते. फक्त एक जिना चितारलेला होता, आणि गायन-वादनाच्या जागी बँडचे नाव तेवढे छापले होते. टर्नरने मात्र आपल्या मनात त्या गायकाची मूर्ती पक्की घडवली होती. चाळिशीचा पुरुष, राखलेली दाढी, एक हात खिशात. टर्नरचा फोन केवळ बोलण्यापुरता होता, आणि त्याहून चांगला घेण्याची त्यास इच्छाही नव्हती. गाणे ऐकावे तर तबकडीवर, असे त्याचे ठाम मत होते.

ज्या यंत्रावर ती तबकडी फिरे, ते त्याच्या वडिलांचे. अप्पांच्या जुन्या तबकड्या घर बदलताना फुटून गेल्या होत्या, आणि यंत्रही कित्येक वर्षे कपाटावर धूळ खात पडले होते. त्यातल्या मोटारीवरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारी चकती, हरवलेली निघाली. टर्नरने अंदाजाने माप धरून पितळेची नवी पुली स्वतः लेथवर काढली, पट्टा चढवला, आणि ‘उतरताना’ वाजू लागला. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते पाहून त्याची बायको म्हणाली होती, "लग्नात पण एवढे खूश नव्हता हो तुम्ही."

आता अप्पांविषयी सांगितले पाहिजे. अप्पा उभ्या हयातीत बसचे कंडक्टर होते. भरलेल्या बसच्या मागच्या टोकाला उभे राहून पुढच्या माणसाला हसवण्याची त्यांची ख्याती होती. अशा मनुष्याची वाचा आदल्या वर्षी मेंदूच्या झटक्याने हरपली. हातपाय पुष्कळसे सावरले, समज पूर्ववत राहिली, पण तोंडातून "त, त" याखेरीज काही निघेना. अप्पा दिवसभर खिडकीशी बसत, आणि घरातली माणसे त्यांच्याशी बोलताना आपोआप आवाज खाली आणीत, जसे झोपलेल्या माणसाच्या खोलीत आणतात.

आणि मग एका रविवारी सकाळी ते घडले. तबकडीची दुसरी बाजू वाजत होती. टर्नर दाढी करीत होता, बायको कपड्यांच्या घड्या घालीत होती. गाण्यातली ओळ आली, ‘खालचं दार उघडं ठेव, पाऊल ओळखीचं आहे,’ आणि खोलीत त्या स्वराबरोबर दुसरा एक स्वर ऐकू आला. जाडाभरडा, गंजलेला, परंतु शब्दन् शब्द स्पष्ट.

टर्नरच्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला. बायकोने तोंडावर हात दाबला. अप्पा खिडकीबाहेर पाहत गात होते.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंना हे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, "असं होतं कधीकधी. बोलणं अडतं, पण गाणं दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. आणि हे गाणं संथ आहे ना, म्हणून त्यांना पकडता येतंय. सोडू नका. रोज लावा. एक दिवस स्वतःचा शब्द येईल, येईलच असं मात्र मी सांगणार नाही."

त्या दिवसापासून टर्नरला तो अल्बम जीव की प्राण झाला. पूर्वी तो त्याचा चाहता होता, आता ऋणाईत झाला.

अडचण होती ती अक्काची. अक्का टर्नरची थोरली बहीण, स्वभावाने फटकळ, मनाने वाईट नव्हे. अप्पांना आजारी वृद्धांच्या निवासात ठेवावे, तेथे शिकलेली माणसे त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेतील, असे तिने ठरवून टाकले होते, आणि तेथील एक खोलीही पाहून ठेवली होती. अप्पा गातात, ही गोष्ट तिला पटत नव्हती. कारण ती आली की अप्पा ओठ घट्ट मिटून घेत. मुलीसमोर लाज वाटत असावी.

"बाळ्या, तुला त्या तबकडीचं खूळ लागलंय," अक्का म्हणाली. "म्हातारा माणूस घशात खाकरला तरी तुला सूर ऐकू येतो."

"अक्के, तू एकदा ऐक तर."

"ऐकव ना मग! अप्पा एक शब्द बोलले माझ्यासमोर, तर मी त्या निवासाचं नाव काढणार नाही. पण नाही बोलले, तर पुढच्या आठवड्यात सामान बांधायचं. कबूल?"

टर्नरने "कबूल" म्हटले. कारण त्याच शनिवारी ‘आठवा मजला’ त्यांच्या शहरात येणार होता, आणि त्याच्या खिशात चौघांची तिकिटे होती. हजारो माणसे एकदम गाऊ लागली की लाज कसली राहणार? प्रत्यक्ष तो स्वर समोर उभा राहिला की अप्पा गाणार, यात त्यास तिळमात्र संशय नव्हता.

सभागृह तुडुंब भरले होते. सगळी पोरे विशीतली. त्यांच्यामध्ये अप्पा इस्त्रीचा सदरा घालून काठीवर हात ठेवून बसले होते, आणि त्यांचे डोळे चमकत होते. दिवे मंद झाले. दाढीवाला एक मनुष्य येऊन ड्रममागे बसला. दोघांनी गिटारी गळ्यात अडकवल्या. मग ठेंगण्या चणीची, केस कापलेली एक मुलगी माइकपाशी आली.

"माइक तपासायला आली असेल," टर्नर बायकोच्या कानात म्हणाला.

पण ती मुलगी गाऊ लागली.

गाणे तेच होते. शब्द तेच, चाल तीच. परंतु ते धावत होते! आणि तो स्वर वरच्या पट्टीतला, लख्ख, तरुण, बाईचा. भोवतालची पोरे उड्या मारू लागली. टर्नर दगडासारखा बसून राहिला. हे लोक कोण? त्याचा तो शहाणा, खोल आवाजाचा गृहस्थ कोठे गेला? आजारी पडला? काढून टाकला त्याला?

"हा तो आवाज नाही!" तो उभा राहून ओरडला. "फसवणूक आहे ही!"

"काका, बसा हो खाली," मागून कोणी म्हणाले. "दिसत नाही."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे ते गाणे सुरू झाले. टर्नरने अप्पांकडे पाहिले. अप्पांनी मान ताठ केली, छातीत श्वास भरून घेतला, तोंड उघडले. आणि ‘खालचं दार’ म्हणेपर्यंत ओळ संपून गेली होती. पुढच्या ओळीला त्यांनी पुन्हा धाव घेतली. तीही निसटली. वर्षानुवर्षे बस थांबवणारा मनुष्य आज तिच्या मागे धापा टाकीत होता, आणि बस काही थांबत नव्हती. तिसऱ्या वेळी अप्पांनी तोंड मिटून घेतले आणि काठीवर कपाळ टेकले.

अक्काने हे सारे पाहिले. टोमणा मारण्याची तिची वेळ होती, पण ती फक्त म्हणाली, "अप्पांना बाहेर घे रे. गुदमरतायत ते."

बायको आणि अक्का अप्पांना बाहेरच्या मार्गिकेत बाकावर घेऊन गेल्या. टर्नर मात्र मध्यंतर होताच रंगमंचामागच्या दाराशी जाऊन उभा ठाकला. ती मुलगी तेथे बाटलीतून पाणी पीत होती.

"ताई, रेकॉर्डवर गाणारे ते गृहस्थ कुठायत?"

"कोण गृहस्थ?"

"तेच. भरदार आवाजाचे. दाढीवाले."

"दाढीवाला आमचा ड्रमर. तो गायला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

"मग रेकॉर्डवर गातं कोण?"

"मी. पहिल्या गाण्यापासून मीच."

"ताई, थट्टा करू नका. माझा बाप आजारी आहे."

मुलीने बाटली खाली ठेवली. "तुम्ही ऐकता तसं म्हणून दाखवा बघू."

टर्नर जन्मात कधी कोणापुढे गायला नव्हता. त्याने डोळे मिटून ती ओळ म्हटली, त्याच्या तबकडीवर येई तशी, खालच्या पट्टीत, एकेका शब्दाला टेकत. डोळे उघडले तो मुलगी त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचा प्लेअर हळू फिरतोय. पट्टा सैल असेल, नाहीतर पुली बारीक."

ज्याच्या हाताच्या मापावर सारा कारखाना डोळे मिटून विश्वास ठेवी, त्याने आपल्या हाताने पुली बारीक कातली होती. तो गृहस्थ कधी अस्तित्वातच नव्हता. टर्नरने पितळेतून एक मनुष्य घडवला होता, आणि आजारी बापाचा हात त्याच्या हाती देऊन मोकळा झाला होता. इतक्यात घंटा वाजली. मुलगी जाता जाता थबकली, काही बोलणार होती, पण आतून तिला हाक आली.

मार्गिकेत अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होती.

"तिथे बाग आहे, अप्पा," ती सांगत होती. "खिडकीतून दिसते."

टर्नर बापासमोर जमिनीवर बसला. घरचे यंत्र घरी होते, खोटे का होईना, आणि येथे काहीच नव्हते. तेव्हा तो स्वतःच गाऊ लागला. संथ, मोठ्याने, आणि खरे सांगायचे तर फार वाईट. ‘खालचं दार’ला त्याचा आवाज चिरकला, ‘पाऊल’ला घसरला. तिकिटे तपासणारा दरवान वळून पाहू लागला. बायकोचे कान शरमेने लाल झाले. टर्नर थांबला नाही. ओळ संपली की पुन्हा तीच ओळ धरी, आणि दर खेपेस ती अधिकच भलतीकडे नेई.

अप्पांनी मान वळवली. भुवया आक्रसल्या. ओठ हलू लागले, आणि टर्नरला वाटले, आता गातील.

"बे," अप्पा म्हणाले. "बे... बेसूर."

टर्नर गाता गाता थांबला. हा शब्द त्या गाण्यात नव्हता. कुठल्याच गाण्यात नव्हता.

"काय म्हणालात, अप्पा?" अक्का पुढे वाकून म्हणाली.

अप्पांनी काठी उचलून मुलाकडे रोखली. कपाळावरची शीर तटतटून फुगली. "हा," ते म्हणाले. "बेसूर."

"अगदी बरोबर बोललात," अक्का म्हणाली, आणि हमसून हमसून रडू लागली. भावाला अनुमोदन देणे तिला जमले नव्हते, पण बापाला तिने लगेच दिले.

टर्नर मात्र जागच्या जागी थिजला होता. त्याच्या बायकोने शेवटी त्याचा खांदा गदागदा हलवला.

"अहो, बघत काय बसलात? गा ना पुढे! आणखी वाईट गा!"