न धुतलेला हंगाम

ओरेल बुर्गो सांत-ओदिल गावच्या 'कोल्हे' या बर्फावरच्या हॉकी संघाचं सामान सांभाळायचा. स्केटला धार लावायची, काठ्या मोजून ठेवायच्या आणि बावीस घामट पुरुषांचे कपडे धुवायचे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे नुसता मोजा नाकाजवळ नेला की कोणाचा आहे ते तो सांगायचा. या हंगामात मात्र ती विद्या बुडाली. सगळ्यांचा एकच वास झाला होता, आणि तो माणसाचा आहे असं शपथेवर सांगायची ओरेलची तयारी नव्हती.

सुरुवात धुण्याच्या मशीनपासून झाली. नाताळापर्यंत कोल्हे हरत होते. साधं हरणं नाही, नाक घासून हरणं. लोक रस्सा घातलेले बटाटे खायला मैदानावर यायचे आणि खाऊन संपले की उरलेला कागद बर्फावर भिरकावून घरी जायचे. जानेवारीत मशीनचा पट्टा तुटला. आदल्या दिवशीचे ओलसर, आंबलेले कपडे अंगात चढवून पोरं शिव्या घालत बर्फावर उतरली आणि पोर-ब्रियांसारख्या अव्वल संघाला सहा गोलांनी लोळवून आली.

कप्तान सिल्व्हिओ पारादीने कपडे बदलायच्या खोलीत हात वर केला. समोरचे पाच खोटे दात पेल्यात ठेवलेले असल्यामुळे त्याच्या बोलण्यात शिट्टी वाजायची.

"काका, मशीन दुरुस्त करायचं नाही."

"का रे बाबा?"

"जिंकत असताना काही बदलायचं नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

नको होतं. नदीकाठच्या त्या गावात लोक देवळात जायचे सोडतील, पण जिंकत्या संघाचा मोजा बदलणार नाहीत. स्वतः ओरेल सामन्याच्या दिवशी घराची तिसरी पायरी गाळून उतरायचा. एकदा विसरला तर परत वर जाऊन नव्याने उतरला होता. त्यामुळे तो काय बोलणार? त्याला वाटलं, चार दिवसांचा खेळ आहे, पुढच्या आठवड्यात हरतील आणि मी साबण काढीन.

पण मेले हरेनातच.

फेब्रुवारीपर्यंत बनियनं खुंटीवरून काढली तरी खुंटीचाच आकार धरून उभी राहायची. हातमोज्यांच्या आत हिरवी लव आली. एकाच्या बुटात बुरशीची पांढरी छत्री उगवली, तर त्याने ती काढू दिली नाही. म्हणाला, ही आल्यापासून मी दोन गोल केलेत. बाकाखाली तंबाखूच्या थुंकीची डबकी, पाण्याची बाटली सगळ्यांत एक आणि तिच्या तोंडाला पिवळी साय. बसचा ड्रायव्हर उणे वीस अंशांत खिडकी उघडी टाकून, कानटोपी घालून गाडी हाकायचा. ओरेल कपड्याचा चिमटा नाकाला लावून काम करायचा आणि जेवायला बसला की जिनेतने, त्याच्या बायकोने, वाढलेलं वाटाण्याचं सूप बघून त्याला त्या बाटलीची साय आठवायची.

एरवी ओरेल म्हणजे अख्ख्या लीगमधला पक्का टवाळ. कोणाच्या बुटाची नाडी अर्धी कापून ठेव, डोनटमध्ये मोहरीची चटणी भर. पारादीचे दात प्रशिक्षकाच्या कॉफीत टाकले होते ते यानेच, आणि प्रशिक्षकाने ती संपवल्यावर "तळाशी काही लागलं का" असं विचारलंही यानेच. पण आता त्याला थट्टा सुचेना. नाकच बंद तर डोकं कुठून चालणार?

मार्चमध्ये बाद फेरी लागली, शकुन म्हणून सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या आणि दाढ्यांत आदल्या गावचं जेवण राहू लागलं. तेव्हाच त्याला तिमोतेचा पाय दिसला.

तिमोते कॉर्मिए म्हणजे संघाचा गोलकीपर आणि ओरेलचा जावई. सरावानंतर तो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पॅड सोडत बसला होता. ओरेल मागून बर्फाचा गोळा त्याच्या मानेत टाकायला गेला आणि थांबला. गुडघ्याच्या मागे, जिथे पट्टा घासतो तिथे, सुपारीएवढं गळू होतं. भोवतीचं कातडं लाल, चकाकतं. पॅडखालचं कापड त्याला चिकटलं होतं आणि तिमोते ते दात खाऊन सोलत होता. खालून जे आलं ते बघून ओरेलने बर्फाचा गोळा स्वतःच्याच तोंडावर धरला.

"जावईबापू, हे काय आहे?"

"घासलंय जरा."

"घासलंय? त्यातून मोहरीची चटणी येतेय."

"सासरेबुवा, हळू बोला. कप्तानाला कळलं तर मला बाहेर बसवतील. फायनल होऊ द्या, मग दाखवतो डॉक्टरला."

ओरेलने ते कोणाला सांगितलं नाही, फक्त आपल्या मुलीला, मिरेयला सांगितलं. तेवढं पुरलं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा कान धरून त्याला दवाखान्यात नेलं. परतल्यावर तिमोते घरच्यांना म्हणाला, काही नाही, गोळ्या दिल्यात. मिरेय बापाच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत धपकन बसली.

"अर्धं सांगतोय तो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घे, खेळू नकोस, आणि खेळलासच तर ते कपडे आधी उकळून काढ. त्या घाणीतूनच विष चढतंय. पुन्हा चढलं तर रक्तात जाईल, आणि मग पाय वाचेल की नाही ते सांगता येणार नाही म्हणाले."

"मग तू त्याला सांग ना."

"सांगितलं. म्हणतो, माझे धुतले आणि हरलो तर गावात तोंड कसं दाखवू. बाबा, महिनाभर मी त्याला गॅरेजमध्ये झोपवतेय. वास सहन करीन मी, पण लंगडा नवरा नको मला."

जिनेत चुलीपाशी उभी होती. ती वळलीही नाही. "त्या सगळ्यांनाच उकळा," ती म्हणाली. "अंगातल्या कपड्यांसकट."

ओरेल पारादीकडे गेला. पायाचं सांगितलं असतं तर जावयाला बाहेर बसवलं असतं, म्हणून त्याने आडून विचारलं, एखाद्याचंच काही धुतलं तर चालेल का. कप्तानाने गावच्या रीतीप्रमाणे चर्चमधला प्याला, कपाट आणि पवित्र भाकरी, तिन्हींच्या नावाने एका दमात शिवी हासडली. मग शांतपणे म्हणाला, "काका, ज्या दिवशी इथे साबणाचा वास येईल, त्या दिवशी तुमची चावी माझ्याकडे द्या."

साबणाचा वास. हे ऐकलं आणि जानेवारीपासून पहिल्यांदाच ओरेलच्या डोक्यात जुना किडा वळवळला. म्हणजे यांना घाण हवीच असं नव्हतं. यांना वास हवा होता.

सुट्टीच्या दिवशी पोरं घरी लोळत असताना त्याने सगळं पोत्यांत भरलं आणि महामार्गावरच्या मोटेलात नेलं, जिथे त्याचा चुलतभाऊ चादरी धुवायचा. चुलतभावाने एक पोतं उघडलं, बंद केलं आणि बाहेर जाऊन कुंपणाला धरून उभा राहिला. पहिलं पाणी कॉफीसारखं आलं. दुसरं चहासारखं. तिसऱ्या पाण्यात दोन दात, एक मासोळीचं हाड आणि ती पांढरी छत्री निघाली; ती त्याने परत बुटात चिकटवायला बाजूला ठेवली. ओरेलने उकळलं, ब्लीच केलं, पुन्हा उकळलं, आणि पांढरेपणा लपवायला शेवटच्या पाण्यात कडक चहा ओतला. तिमोतेच्या पॅडचं अस्तर तर त्याने ब्रशने स्वतः घासलं, हात भाजेपर्यंत.

आता वास. मैदानामागच्या सुकवणीच्या खोलीत गरम हवा खेळायची, तिथे त्याने कपडे टांगले आणि जाळीमागे एक जुना मोजा लटकवला. मोज्यात काय नव्हतं? चीजच्या कारखान्यातल्या फेकायच्या साली, हेरिंग माशांच्या पिंपातला गाळ, बुरसटलेला कांदा. तरी काहीतरी कमी पडत होतं. वास होता, पण त्यात जीव नव्हता. मग तो घरून मोलासची गोधडी घेऊन आला. मोलास म्हणजे त्याचा म्हातारा कुत्रा. एक कान फाटका, पोटाला गाठी, आणि तोंडाला असा वास की टपालवाला पत्रं फाटकावर ठेवून पळायचा. गोधडी मोज्याशेजारी टांगली, पंखा लावला आणि थोड्या वेळाने दार उघडलं. ओरेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी घरच्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पारादीने खुंटीवरचं बनियन काढलं, त्यात अख्खं तोंड खुपसलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. ओरेल स्केटला धार लावल्याचं नाटक करत होता; पातं कधीच बोथट झालं होतं.

"हाच," पारादी म्हणाला. "पिकत चाललाय."

जिंकले. ओरेल दर सुट्टीच्या दिवशी पोती नेऊ लागला, परत आणून टांगू लागला. पुन्हा जिंकले. तिमोतेचं गळू बसलं, लाली उतरली, आणि गडी म्हणाला, बघा, म्हणत होतो ना, नुसत्या गोळ्यांनी जाईल. ओरेलच्या पोटात हसू मावेना. झोपेत हसायचा आणि जिनेत त्याला कोपराने ढोसायची.

फायनल सात सामन्यांची होती; तीन-तीन होऊन ती सातव्यावर गेली. त्या दिवशी ओरेल तिसरी पायरी गाळून उतरला, व्हरांड्यातून गोधडी उचलली आणि गाडीत टाकली. मैदानावर पोचून टांगताना त्याच्या नाकाला काहीतरी खटकलं. गोधडी मऊ होती. तिला लव्हेंडरचा वास येत होता. त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"जिनेत, गोधडीला काय केलंस?"

"धुतली. माझी बहीण येतेय सामन्याला, इथेच उतरणार. कुत्र्यालाही घातली आंघोळ. चार पाण्यांनी."

आता कुत्रा कुठून मळवणार? त्याने हेरिंगचा गाळ दुप्पट ओतला आणि देवाचं नाव घेतलं.

पारादीने बनियन हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"काका, आज यात फुलं आहेत."

"वसंत आलाय, कप्तान."

पारादी हसला नाही. एका गोलने हरले. तेही जादा वेळात, पारादीच्याच स्केटला लागून रबरी चकती गोलात गेली.

सामना संपल्यावर सगळे खोलीत बाकांवर बसले. दाढ्यांतून पाणी ठिबकत होतं. पारादी उठला, सुकवणीच्या खोलीत गेला आणि जाळीमागून तो मोजा चिमटीत धरून बाहेर आला. दुसऱ्या हातात गोधडी.

"हे काय आहे, काका?"

लपवण्यात आता राम नव्हता. ओरेलने नाकाचा चिमटा काढला आणि सगळं सांगितलं. मोटेल, ब्लीच, चीजच्या साली, हेरिंग, कुत्रा.

"कुत्रा?" कोणीतरी म्हणालं.

"मोलास."

तीन महिने स्वतःच्या कुजक्या मोज्यात सुखाने पाय घालणारी ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने बनियन ओरबाडून काढलं. छत्रीवाला तोंडावर हात दाबून न्हाणीकडे पळाला आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी तोंड घातलं होतं त्यात," पारादी हळूच म्हणाला.

"पाहिलं मी."

"रोज."

"हो. आणि 'पिकत चाललाय' म्हणालास."

पारादीने काठी उचलली. तेवढ्यात तिमोते बाकावरून उठला आणि सगळ्यांसमोर पाठमोरा होऊन त्याने पाय दाखवला. गुडघ्यामागे जांभळा व्रण होता, पैशाएवढा, कोरडा.

"कप्तान, यांनी धुतलं नसतं तर हा पाय गेला असता. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मीच दडवलं." मग सासऱ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं गोळ्यांनी गेलं."

पारादीने वाकून तो व्रण पाहिला. त्याने काठी खाली ठेवली, पेल्यातले दात काढून तोंडात बसवले. विचार करायचा असला की तो दात लावायचा.

"म्हणजे एवढे सामने आपण धुतलेल्या कपड्यांत जिंकलो."

"हो."

"आणि आजही कपडे धुतलेले होते."

"होते."

"मग आज वेगळं काय होतं?"

ओरेलला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तोही त्याच नदीच्या काठचा होता, पायरी गाळणारा.

"मेहुणी येणार म्हणून बायकोने कुत्र्याला आंघोळ घातली," तो म्हणाला.

खोलीतून एक सुस्कारा गेला. कोडं सुटल्यावर येतो तसा. कोणी मान हलवली, कोणी मांडीवर थाप मारली. न्हाणीतून छत्रीवाला ओठ पुसत आला आणि म्हणाला, "म्हणजे मेहुणीमुळे हरलो."

सौदा तिथेच झाला. पारादी म्हणाला, कुत्रा संघाबरोबर फिरेल आणि त्याच्या अंगाला पाणी लागणार नाही. ओरेल म्हणाला, कबूल, पण कपडे रोज धुणार, उकळून, सगळ्यांचे, आणि मशीन नवं येईल. पारादी म्हणाला, कपड्यांचं काय घेऊन बसलात, काका, कपड्यांनी काय होतं?

नवा हंगाम ऑक्टोबरात लागला. खुंट्यांवर बनियनं पांढरीशुभ्र, हातमोजे आतून गुलाबी, तिमोतेचे पाय बाळासारखे. पहिल्या बाकावर मोलास. उन्हाळाभर त्याला पाण्यापासून जपलं होतं. जिनेतने ओरेलला आणि कुत्र्याला, दोघांनाही गॅरेजमध्ये काढलं होतं, तिमोतेच्या घरून आणलेल्या जुन्या खाटेवर.

पहिल्या सामन्याला निघताना बस नदीकाठी थांबली. मोलास उतरला, काठावर समुद्राकडून वाहून आलेला एक मेलेला सील पडला होता, बरेच दिवसांचा, फुटलेला. मोलास त्यावर पाठीवर पडून मनसोक्त लोळला, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या, मग फाटका कान नीट घासून. ड्रायव्हरने कानटोपी ओढून घेतली. बसच्या खिडक्यांतून बावीस जण श्वास रोखून बघत होते, आणि कोणीही त्याला हाक मारली नाही.

"पाण्याची नळी आहे बसमध्ये," ओरेल म्हणाला.

"काका," पारादी म्हणाला, "उचला त्याला. उशीर होतोय."

ओरेलने चिमटा शोधला. तो घरी राहिला होता. मग त्याने कुत्र्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचललं. शर्टाला काहीतरी गिळगिळीत, कोमट लागलं. तो बसच्या पायऱ्या चढला, तिसरी गाळून.